नंबर काढणाऱ्याची नोंद कुठे आहे?

गेल्या दिवाळीत कोल्हापूरला, राजारामपुरीतल्या घरी, चष्म्यावरून वाद झाला. आईचा नंबर दोन वर्षांत तीनदा बदलला होता. तिन्ही वेळा तो एका चष्म्याच्या दुकानात फुकट काढून मिळाला आणि तिन्ही वेळा नवा चष्मा घ्यावा लागला. अखेर नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यांतला दाब मोजला, तेव्हा काचबिंदू निघाला. म्हणून नंबर काढणाऱ्यावर शिक्षणाची आणि नोंदणीची सक्ती हवी, असे मी म्हणालो. तरीही मामांचे म्हणणे असे की, अशी सक्ती केली, तर खेड्यांतून बाजाराला येणाऱ्या माणसांची फुकटची सोय बुडेल. ही काळजी खरी आहे. पण काचबिंदू बहुधा बराच काळ दुखत नाही आणि त्याने गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणून समोरच्या माणसाला तज्ज्ञाकडे कधी पाठवायचे, एवढे तरी नंबर काढणाऱ्याला कळायलाच हवे.

मी राहतो त्या अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारा व्यावसायिक, होण्यासाठी साधारणपणे पदवीनंतर आणखी चार वर्षे शिकावे लागते. राज्याच्या संकेतस्थळावर नाव टाकले की परवाना चालू आहे का आणि त्यावर कधी कारवाई झाली आहे का, हे कोणालाही पाहता येते. शिवाय तपासणी संपताच नंबराचा कागद न मागता ग्राहकाच्या हाती द्यावा, असा तिथल्या केंद्र सरकारचा नियम आहे, त्यामुळे चष्मा कुठून घ्यायचा हे ग्राहक ठरवतो.

विम्याची पद्धत मात्र तिथून उचलण्यासारखी नाही. चष्म्याचा विमा वेगळा आणि आजारपणाचा वेगळा. नंबराची तपासणी सहसा पहिल्यात बसते, तर मधुमेहामुळे करायची डोळ्याच्या पडद्याची तपासणी दुसऱ्यात जाते, आणि हे वेळ ठरवतानाच विचारून घेतले नाही तर बिल आपल्या अंगावर येते. एकदा विमा कंपनीच्या यादीत एका दवाखान्याचे नाव पाहून मी तिथे गेलो, तर त्या दवाखान्याने ती योजना केव्हाच सोडली होती आणि पूर्ण पैसे मला भरावे लागले. तेव्हापासून मी आधी दवाखान्यालाच फोन करतो. यादीतले नाव म्हणजे त्यांनी कंपनीचे दर मान्य केले आहेत एवढेच. कसबाची ती हमी नव्हे.

कोल्हापुरात आईच्या मेडिक्लेममधून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळतो, चष्म्याचा मिळत नाही. पैसे पदरचेच, म्हणून निवडही पूर्णपणे आपली. मग ती माहितीवर व्हावी. 2021 च्या केंद्रीय कायद्याने ऑप्टोमेट्रिस्टांना आरोग्य व्यावसायिकांत धरले आहे आणि राज्यांनी त्यांची नोंदवही ठेवावी असे म्हटले आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असतो तसा नोंदणी क्रमांक नंबराच्या कागदावर आणि दुकानाच्या दर्शनी भागात ठळक लिहिलेला असावा, अशी माझी मागणी आहे.

“खेड्यातल्या म्हातारीला तो क्रमांक तपासता येणार आहे का?” मामांनी विचारले. नोंदवही मराठीत आणि मोबाइलवर उघडणारी असेल, तर तिची नात तपासेल, असे मी त्यांना सांगितले.