विज्ञान मत बदलतं, पण कुणाच्या सांगण्यावरून?

‘विज्ञान आज एक सांगतं, उद्या दुसरं. जुने सिद्धांत खोटे ठरतात. तेव्हा शास्त्रज्ञांवरचा विश्वास हीसुद्धा श्रद्धाच, आणि आमचं म्हणणंही तितकंच खरं.’ हा मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. विज्ञान मत बदलतं, हे त्यात खरं आहे. गडबड पुढे सुरू होते.

आधी श्रद्धेचं बघू. युरेनसची कक्षा न्यूटन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या गणिताशी जुळेना, तेव्हा ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाने पलीकडे एक अज्ञात ग्रह धरून त्याची जागा काढून दिली. १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाले यांनी तिकडे दुर्बीण वळवली आणि सांगितल्या जागेपासून अंशभराच्या आत नेपच्यून सापडला. ल व्हेरिए यांचं मोठं नाव झालं. पुढे बुधाची कक्षाही किंचित चुकते असं दिसलं. १८५९ मध्ये त्यांनी तीच युक्ती लावली: बुधाच्या आतल्या बाजूला काहीतरी फिरत असणार. त्या ग्रहाचं ‘व्हल्कन’ असं बारसंही झालं. (तो आपल्याला दिसल्याचं सांगणारेही निघाले!) माणूस तोच, युक्तिवाद तोच. पण वर्षानुवर्षं शोधूनही ग्रह हाती लागला नाही. सगळं श्रद्धेवर चालत असतं, तर एवढ्या मोठ्या माणसाचा ग्रह आजही पाठ्यपुस्तकांत फिरत असता.

आता बदलाचं. बुधाचा हिशेब शतकाला ४३ विकलांनी चुकत होता. एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. एवढ्याशा फरकाकडे कुणी डोळेझाक केली नाही, आणि १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या नव्या गुरुत्वसिद्धांतातून नेमका तेवढाच फरक निघाला. म्हणून न्यूटन अडगळीत गेले का? नाही. यानांचे मार्ग आखताना आजही त्यांचंच गणित मुख्यतः वापरतात. जुन्याला जे जमत होतं ते नव्यालाही जमावंच लागतं, त्यामुळे ‘उद्या काहीही बदलेल’ हे भय किंवा आशा, दोन्ही फोल.

राहिला ‘आमचंही तितकंच खरं’ हा दावा. व्हल्कन नव्हता, एवढ्यावरून दुसऱ्या कुणाचं म्हणणं सिद्ध होत नाही. दुर्बिणीतून काय दिसलं नाही तर माघार घ्यायची, हे व्हल्कनवाल्यांना तरी सांगता येत होतं. हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी आपल्या दाव्याबद्दल तेवढं सांगावं, मग तपासून बघू.