डोहाळजेवणाच्या आधीचं ताट

मूल जाड झालं, तरुणपणीच त्याला साखर निघाली, की पहिलं बोट आईकडे. "हिनेच पथ्य पाळलं नसणार." हे ऐकलं की मला संताप येतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. लठ्ठ कुठल्या, गरोदर राहण्याआधी या बायकांचं सरासरी वजन जेमतेम ४२ किलो होतं. बाळं भरली २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५. पण आपली बाळं दिसायला किडकिडीत असली तरी कमी पडले होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. चरबी बऱ्यापैकी शाबूत होती. मधुमेहाची पायाभरणी पोटातच होत होती, तीही अर्धपोटी आईच्या.

ज्या बायका पालेभाज्या, फळं, दूध जास्त खात होत्या त्यांची बाळं चांगली भरली. शेतात आणि पाण्यासाठी सगळ्यात जास्त राबणाऱ्यांची लहान. बहुसंख्य आयांमध्ये बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. बी-१२ कमी आणि फोलेट (फॉलिकच्या गोळ्यांतून मिळणारं जीवनसत्त्व) जास्त असलेल्या आयांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षीच इन्सुलिनला, म्हणजे साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला, नीट दाद देत नव्हतं. (फॉलिकच्या गोळ्या बंद करू नका! बी-१२ पण तपासून घ्या, एवढंच.)

आईचं वजन जास्त असलं तरी धोका आहेच. गरोदरपणात साखर वाढली की ती वारेतून बाळाकडे जाते, बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं आणि चरबी साठते. शहरात हेही खूप दिसतं. पण मुंबईतल्या वस्त्यांमध्ये बायकांना गर्भ राहण्याच्या आधीपासून पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला, तेव्हा गरोदरपणातला मधुमेह शंभरात बारांवरून सातांवर आला.

गर्भ राहण्याच्या आधीपासून! आपण मात्र सातव्या महिन्यात हिरवी साडी नेसवून ताट वाढतो. त्याआधी ती वयात येत असताना दूध भावाला आणि डेअरीला, लग्नानंतर जेवायला सगळ्यात शेवटी, उरलंसुरलं.

म्हणून सासवांना, नवऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. "गोड बातमी कधी?" विचारण्याआधी सुनेचं हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर तपासून घ्या. तिला सगळ्यांबरोबर जेवायला बसवा. पाण्याचे हंडे नवऱ्याने आणावेत. आणि घरात पंधरा-सोळा वर्षांची मुलगी असेल, तर तिचा दुधाचा पेला आजपासून सुरू करा.