जड स्टिअरिंगचे पाच रामबाण उपाय आणि एक बुजलेलं निपल

जुन्या गाड्यांच्या प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज महिन्या-दोन महिन्यांनी उगवतो. मजकूर थोडक्यात असा: जुन्या फियाट-पद्मिनीचं स्टिअरिंग जन्मतःच जड, तेव्हाची माणसं दणकट होती म्हणून चालून गेलं. हलकं करायचं तर पुढच्या टायरात चाळीस पौंड हवा भरा, स्टिअरिंग बॉक्सचा (स्टिअरिंगच्या दांड्याखालच्या गिअरच्या डब्याचा) वरचा स्क्रू अर्धा फेरा सैल करा, बॉक्समधलं ऑइल काढून ग्रीस ठासा, रुंद रेडियल टायर घाला. एवढं करूनही हात दुखत असतील तर भंगारातून एखाद्या अलीकडच्या छोट्या गाडीचं इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आणून बसवा. शेवटी अर्थातच, ‘दहा मित्रांना पाठवा’.

मला तो आतापर्यंत चार जणांनी पाठवलाय. त्यातला एक उपाय मी स्वतः करून बसलोय, त्यामुळे आता गप्प राहवत नाही.

आधी ते ‘जन्मतः जड’ प्रकरण. फियाट 1100 ही 1089 सीसीची, एक टनाच्या आतली गाडी. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून ती बाहेर पडली ती घरच्या माणसांनी चालवायला, पैलवानांनी नव्हे. स्टिअरिंगचं चाक मोठं आणि बारीक कडेचं, बॉक्स वर्म-रोलरचा (स्क्रूसारख्या वर्मवर दातेरी रोलर फिरतो तो). म्हणजे चाक जास्त फिरवायचं आणि जोर कमी लावायचा, असा सरळ सौदा. पॉवर स्टिअरिंग बाजारात पहिल्यांदा आलं 1951 साली अमेरिकेत, क्रायस्लर इम्पीरियलवर, आणि ती गाडी दोन टनांच्या घरातली. आपल्या फियाटला त्याची गरज कुणाला वाटली नाही, कारण ती नव्हतीच.

मुंबईची काळी-पिवळी आठवा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपली तशी 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून गेली. साठीतले, किडकिडीत चालक अख्खी पाळी तीच गाडी गिरगाव-भुलेश्वरच्या गल्ल्यांतून वळवायचे, एक हात खिडकीबाहेर. ते दणकट होते म्हणून नव्हे. गाडी रोज चालायची, रोज कुणीतरी तिच्याखाली जायचं आणि ग्रीसगन मारायचं. आपल्या गाड्या आठवड्यातून एकदा, रविवारी मिसळ खायला बाहेर पडतात.

हवेच्या मुद्द्यात निम्मं तथ्य आहे, ते मान्य. टायर बसका असेल तर स्टिअरिंग जड होतंच, रबराचा जास्त भाग रस्त्याला चिकटतो. पण त्याचा इलाज म्हणजे गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला दाब. चाळीस पौंडांनी उभ्या गाडीचं चाक थोडं हलकं फिरेल हे खरं. मात्र ब्रेक दाबल्यावर धरायला रबर कमी उरतं, टायर मधोमध झिजतो आणि खड्ड्याचा प्रत्येक दणका सरळ किंग पिनच्या (पुढचं चाक ज्या खुंटीवर डावी-उजवीकडे वळतं तिच्या) बुशवर, म्हणजे तिच्याभोवतीच्या नळीवर, जातो. म्हणजे ज्या भागामुळे स्टिअरिंग जड होतं त्यालाच हातोडा.

रुंद रेडियलचं तर उलटंच आहे. या गाडीला मुळात 5.20-14 चे अरुंद टायर. रुंदी वाढली की उभ्या गाडीत वळवायला जोर जास्तच लागणार. मूळ मापाच्या जवळचा रेडियल घातला तर गाडी पळताना छान चालते, पार्किंगला किंचित जड वाटते. ते चालवून घेण्यासारखं आहे. बाहेर येणारी चकचकीत अलॉय चाकं मात्र नकोच.

आता तो स्क्रू. इथे मी स्वतः शेण खाल्लंय. आमची फियाट 1968 ची, बाबांनी घेतलेली. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी रंगवून आणली आणि त्यानंतर हळूहळू स्टिअरिंग जड होत गेलं. मेसेज वाचला, बोनेट उघडलं, लॉकनट सोडला, पेचकसने अर्धा फेरा सैल केला. जडपणा होता तिथेच. वर चाकाला दोन इंच खेळ आला. कोल्हापूरहून कागलपर्यंत गेलो तेवढ्यात गाडी हायवेवर अशी डुलायला लागली की बायको म्हणाली, मी एसटीने येते.

वर्म-रोलरच्या बॉक्सात हा स्क्रू दोन दातांमधली फट ठरवतो. वर्म मध्ये बारीक, टोकांना जाड, त्यामुळे चाकं सरळ असताना फट सर्वांत कमी आणि वळवल्यावर वाढते. गाडी जड लागते ती मुख्यतः उभी असताना, पूर्ण वळवताना, म्हणजे फट आधीच जास्त असते तिथे. मग स्क्रू सैल करून काय हलकं होणार? कुणीतरी आधी तो जास्त आवळून ठेवला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा वळणानंतर चाक आपोआप सरळ येत नाही, मध्यावर अडल्यासारखं लागतं. तेही ठरवायचं असतं ड्रॉप आर्म (बॉक्समधून बाहेर येणारा दांडा) सोडवून, चाकं सरळ ठेवून. बोनेटखाली वाकून अंदाजाने नाही.

ग्रीसचा उपाय कुठून आला हे मला चांगलं माहीत आहे. बॉक्सच्या खालच्या शाफ्टचं सील गेलं की 90 नंबरचं गिअर ऑइल गळतं, फरशीवर डाग पडतो, घरी बोलणी बसतात. सील बदलायचा कंटाळा म्हणून मिस्त्री ग्रीस भरतो. डाग बंद होतो, पण दोन-चारशे किलोमीटरनंतर दातांनी ग्रीस बाजूला सारलेलं असतं आणि ते भिंतीला चिकटून राहतं, परत मध्ये येत नाही. ऑइल वाहून परत दातांवर येतं, म्हणूनच तिथे ऑइल सांगितलंय. ग्रीसची जागा किंग पिन. आणि तिथे बहुतेकांचं ग्रीस पोचतच नाही.

इलेक्ट्रिक किटबद्दल जरा सविस्तर, कारण हजारोंचा खर्च तिथे होतो. ही कल्पना वेडगळ नाही. ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांना व्हॉक्सहॉल कोर्सा या छोट्या गाडीचा मोटरवाला कॉलम (स्टिअरिंगचा दांडा) बसवणारे आहेत आणि जड गाड्यांत, खांदा दुखणाऱ्या माणसासाठी, ते नीट केलं तर उपयोगीही असतं. पण मेसेजमध्ये सांगतात तसं ‘कापा आणि वेल्ड करा’ हे काम नाही. पहिली अडचण डोळ्यांसमोरच आहे: आपल्या गाडीचा गिअर स्टिअरिंगवर आहे. कॉलम कापला की गिअरची दांडी कुठे लटकवणार? दुसरी अडचण विजेची. मोटर जोर लावते तेव्हा तीस-चाळीस अँपिअर सहज ओढते. जुना डायनामो विसेक अँपिअरचा, आणि इंजिन आयडलिंगला असताना तेवढंही देत नाही. पार्किंग करताना इंजिन आयडलिंगलाच असतं. तिसरी, ती मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला गाडीच्या वेगाचा सिग्नल लागतो. तो नसेल तर डबा एक ठरावीक मदत देत राहतो, आणि ती ऐंशीच्या वेगात जास्त झाली तर चाक हातात तरंगतं.

वेल्ड केलेल्या शाफ्टबद्दल मी एवढंच म्हणेन की जोड निघाला तर ब्रेक तरी लागतील अशी आशा करावी. शिवाय पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 2021 च्या नियमांनी व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो, तो गाडी मूळ रूपात असेल तर. नियमात बदल नको म्हणून नाव घेतलंय चासी, बॉडी आणि इंजिनाचं. स्टिअरिंगचं नाही. तरी कापलेला कॉलम दाखवून ‘मूळ रूप’ म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

एक छोटी सूचना मेसेजखाली कुणीतरी जोडलेली असते, लहान स्पोर्ट्स स्टिअरिंग लावा म्हणून. चाळीस सेंटिमीटरचं चाक काढून पस्तीसचं लावलं तर जोर साधारण चौदा टक्के जास्त लागेल. पान्याला पाइप लावणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा.

मग आमच्या गाडीचं काय झालं? कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बोनेट उघडलंच नाही. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, खाली स्टँड दिले, स्टिअरिंग फिरवून पाहिलं. अधांतरी चाकांनाही ते जड. म्हणजे टायर-बियर बाजूला, दोष आत कुठेतरी. मग दोन्ही बाजूंचे टाय-रॉड (स्टिअरिंगला चाकांशी जोडणारे दांडे) सोडवले. त्यासाठी आट्यांवर ठोकायचं नसतं. आर्मच्या डोळ्याला दोन बाजूंनी दोन हातोड्या एकदम मारल्या की बॉल जॉइंट टुपकन सुटतो. आता स्टिअरिंग फिरवलं तर एका बोटाने गरागरा फिरलं. बॉक्स निर्दोष, मी उगाच त्याला छळलं होतं. उजवं चाक दोन बोटांनी डोललं. डावं मी दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा कुरकुरत वळलं.

डाव्या किंग पिनचं ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस आत जायचं बारीक तोंड, रंगाने बुजलेलं होतं. रंगवणाऱ्याने कागद न लावता फवारा मारला होता आणि मी दोन वर्षं त्याच निपलवर ग्रीसगन दाबून, बाहेर सांडलेलं ग्रीस फडक्याने पुसून, ‘ग्रीसिंग झालं’ म्हणत होतो. निपल काढून आत तार घातली तर डांबरासारखा काळा खडा निघाला. पिन ठोकून काढली, बुशवर उभे ओरखडे. नवे बुश बसवले आणि लेथवाल्याने वरचा-खालचा दोन्ही एकाच रीमरने (भोक नेमक्या मापाचं करायच्या हत्याराने), एका रेषेत साफ केले. वेगवेगळे केले तर पिन नवीन असूनही आवळते, हे मिस्त्रींनी मला दोनदा सांगितलं. ग्रीस भरलं ते चाकं लोंबती ठेवून. गाडी जमिनीवर असताना सगळं वजन थ्रस्ट बेअरिंगवर (किंग पिनचं वजन पेलणाऱ्या बेअरिंगवर) बसतं आणि ग्रीस नेमकं तिथेच शिरत नाही.

आम्ही निघताना मिस्त्री बाबांना म्हणाले, “काका, पोराला एवढं शिकवा, उभ्या गाडीत चाक पिळू नको. गाडी जरा हलू दे, मग फिरव.” बाबा म्हणाले, सांगितलं होतं. सांगितलं होतं खरंच.

परवा ग्रुपवर एकाने विचारलं, किट मागवलंय, वायरिंग कसं करू? भावा, खोकं अजून उघडू नकोस. पुढची चाकं उचल, टाय-रॉड सोड आणि कुठलं चाक कुरकुरतं ते आधी कळव.