क्लिक थ्री शोकेसमध्ये आहे, पण निगेटिव्ह कुठे आहेत?

परवा बडोद्याच्या दांडिया बाजारात एका ओळखीच्या घरी गेलो होतो. शोकेसमध्ये आग्फा क्लिक थ्री कॅमेरा, स्वच्छ पुसून ठेवलेला. बघून फार बरं वाटलं. निगेटिव्ह कुठे आहेत विचारलं, तर काकू म्हणाल्या, "अरे, ते काळे तुकडे होय? दिवाळीच्या आवराआवरीत गेले. फोटो आहेत ना अल्बममध्ये!"

तेव्हापासून जीव हळहळतोय.

हा कॅमेरा आपल्या गावचा. मूळ आग्फा जर्मन, पण क्लिक थ्री इथे बडोद्यात न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवला. प्लास्टिकचं अंग, साधं भिंग, शटरला एकच वेग, सेकंदाचा साधारण तिसावा भाग. ऊन आहे की ढग, एवढंच ठरवायचं. माणसं आठ-दहा फुटांवर उभी करायची आणि श्वास रोखून खटका दाबायचा. मागच्या लाल खिडकीत आकडा बघत रोल पुढे सरकवायचा. १२० चा रोल, १२ फोटो.

याला कुणी खेळणं म्हटलं की मला राग येतो. याची निगेटिव्ह जवळपास ५६ बाय ५६ मिलिमीटरची, म्हणजे नंतरच्या नेहमीच्या ३५ एमएम रोलच्या निगेटिव्हपेक्षा क्षेत्रफळाने साडेतीन पटींहून मोठी. पैसे वाचवायला कितीतरी घरांनी त्याच मापाचे, सव्वादोन इंची कॉन्टॅक्ट प्रिंट काढून घेतले. निगेटिव्हमध्ये जे उतरलं होतं, ते त्या चिमुकल्या कागदावर डोळ्यांना दिसतच नाही.

आमच्याकडे कमाटी बागेतला आईचा एक फोटो आहे, मागे म्युझियम. तिच्या हातात पांढरा ठिपका. रुमाल असेल, असं आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो. गेल्या महिन्यात निगेटिव्ह स्कॅन केली, तर तो रोलचा रिकामा खोका निघाला! आई स्क्रीनजवळ सरकली. "ह्यांनी रोल भरताना धरायला दिला होता," म्हणाली, आणि मग बराच वेळ बाबांबद्दल बोलत राहिली. बाबा त्या फोटोत नाहीत. पण आता आहेत, असं मला वाटतं.

पाकीट उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फिल्म खराब व्हायला लागली आहे. ती आधी स्कॅन करा. बाकीच्या निगेटिव्ह प्लास्टिकच्या पिशवीतून काढून कागदी पाकिटात, माळ्यावर नव्हे, थंड कोरड्या कपाटात ठेवा.

येत्या रविवारी मी स्कॅनर लावून घरीच बसणार आहे. बडोद्यातल्या ओळखीच्यांनी पाकिटं घेऊन या. पैसे नकोत. फक्त फोटोतली माणसं ओळखणारं कुणीतरी वडीलधारं बरोबर आणा.