सबस्टन्स पी अडवला की दुखणं गायब? नाही, असं नाहीये

व्हॉट्सॲपवर फिरतंय की मणक्यात सबस्टन्स पी नावाचं एकच केमिकल दुखण्याचा निरोप नेतं, ते अडवलं की कसलंही दुखणं जातं. हे खरं नाही, आणि कृपा करून असलं वाचून घरातल्या कुणाची चालू गोळी बंद करू नका.

बोट तव्याला लागलं की वेदनेच्या नसांच्या मज्जारज्जूतल्या टोकांत कॅल्शियम शिरतं, बारीक पिशव्या रिकाम्या होतात आणि मुख्यतः ग्लुटामेट नावाचं निरोप नेणारं केमिकल बाहेर पडतं, पुढच्या पेशीला सिग्नल मिळतो तो त्याच्यामुळे, तोही मिलिसेकंदांत. सबस्टन्स पी वेगळ्या, मोठ्या पिशव्यांत असतो, दुखण्याचा मारा जोरात आणि सतत असला तरच नीट सुटतो, हळू चालतो आणि दुखणं वाढवून ठेवतो. म्हणजे त्याचा हात आहेच, पण एकट्याचा नाही. त्याचा रिसेप्टर (पेशीवर तो जिथे चिकटतो ती जागा) अडवणारी औषधं प्राण्यांत छान चालली, माणसांच्या दुखण्यावर मात्र फेल गेली. त्यातलंच ॲप्रेपिटंट 2003 पासून केमोच्या उलट्यांवर देतात. मॉर्फिन हे जोरदार वेदनाशामक का चालतं मग? ते नसांच्या याच टोकांवर कॅल्शियमची वाट अडवतं, त्यामुळे ग्लुटामेट आणि सबस्टन्स पी दोन्ही कमी सुटतात, शिवाय पुढच्या पेशीलाही शांत करतं.