नुसती नगरसेविका म्हणे!

आज एका ओळखीच्यांकडे जेवायला गेलो होतो. टोरंटोच्या महापौर ऑलिव्हिया चाऊचा विषय निघाला आणि एक दादा म्हणाले, "तिचं काय सांगता, नुसती नगरसेविका होती हो ती." सगळे हसले. यजमानांच्या घरी वाद नको म्हणून तिथे बोलले नाही. इथे बोलते.

नुसती? कॅनडातला पहिला हिवाळा आम्ही टोरंटोच्या स्कारबरो भागात एका बेसमेंटमध्ये काढला. ऐन जानेवारीत हीटिंग बंद पडलं. घरमालक आज बघतो, उद्या बघतो करत होता. लेक रात्रभर खोकायची. शेजारच्या तमिळ काकू म्हणाल्या, नगरसेवकाच्या ऑफिसला फोन कर. मी पुण्याची, मला वाटलं आधी ओळख काढावी लागेल. फोनवरच्या मुलीनं फक्त विचारलं, "घरात थर्मामीटर आहे? किती अंश दाखवतोय?" थंडीच्या दिवसांत घरात किमान 21 अंश ठेवणं घरमालकाला बंधनकारक आहे, हे मला तिनं सांगितलं. मग नगरपालिकेचा इन्स्पेक्टर आला आणि हीटर सुरू झाला.

खासदार येणार होते का माझा हीटर बघायला?

ऑलिव्हिया 13 वर्षांची असताना हाँगकाँगहून इथे आली. तिकडे शिक्षिका असलेल्या आईनं इथे हॉटेलात साफसफाईची कामं केली. आपल्यातल्या किती जणींच्या घरची हीच गोष्ट आहे! शिकली शिल्पकला. 1985 मध्ये स्कूल बोर्डावर निवडून आली, 1991 मध्ये मेट्रो कौन्सिलवर, म्हणजे तेव्हाच्या महानगर परिषदेवर, आणि 2005 पर्यंत नगरसेविका होती. शाळेत उपाशीपोटी येणाऱ्या पोरांना खायला मिळावं, पाळणाघरं परवडावीत, सायकलवाल्यांना रस्ता मिळावा, असल्या कामांत तिनं ती वर्षं घातली. तिचा नवरा जॅक लेटनही 1982 पासून इथलाच नगरसेवक. 2011 च्या देशाच्या निवडणुकीत त्यानं आपल्या एनडीपी या पक्षाला 103 जागा मिळवून दिल्या, तोही इथेच तयार झालेला.

पुढे ती खासदार झाली. 2014 मध्ये महापौरपदाला उभी राहिली तर चक्क तिसरी आली. 2023 च्या पोटनिवडणुकीत 102 उमेदवार होते, त्यातून जिंकली. हो, 2024 मध्ये घरपट्टी साडेनऊ टक्के वाढवली, आम्हालाही जड गेली, मान्य. आणि राजकारणात तिच्या विरुद्ध टोकाचा, पुढे महापौर झालेला रॉब फोर्ड नगरसेवक असताना लोकांना स्वतः फोन करायचा, हेही मान्य करते. त्याचं राजकारण मला कधीच पटलं नाही, पण ते काम त्याला कळलं होतं.

खरा संताप पुढेच आहे. आम्ही फोन केला तेव्हा शहरात 44 वॉर्ड होते. 2018 च्या महापालिका निवडणुकीत ते 47 होणार होते, प्रचार सुरू होता. आणि उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवशी रॉबचा भाऊ, आमच्या ओंटारिओ प्रांताचा प्रीमियर म्हणजे मुख्यमंत्री डग फोर्ड, यानं जाहीर केलं की फक्त 25 ठेवणार! स्वतः एके काळी नगरसेवक होता हा माणूस. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टानंही 2021 मध्ये 5 विरुद्ध 4 अशा मतांनी ते मान्य केलं. आता एकेका नगरसेवकाच्या वाट्याला लाखावर माणसं. आज एखादी नवी आई हीटरसाठी फोन करेल तर नगरसेवकाच्या ऑफिसातल्या मुलीला तिच्याशी बोलायला वेळ असेल?

आणि आपल्या पुण्यात तर 2022 पासून जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते. प्रशासक होते. आई तेव्हा फोनवर सांगायची, ड्रेनेज तुंबलंय, सांगायचं कुणाला?

दादांवर राग नाही माझा. ते इथे आले तेव्हा नीट घरात आले, हीटर चालू होता. चांगलंच झालं, कुणावर तशी रात्र येऊ नये.

पण आता कमेंटमध्ये एक करा. आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोण, ते नाव लिहा. गूगल न करता. आणि ऑफिसचा नंबर आजच मोबाइलमध्ये टाकून ठेवा.