टोरेसनं चेल्सीत खरंच काही केलं नाही?

ट्रान्सफरचा, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा, मोसम आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्यात म्हटलेलं असतं: स्पेनचा आघाडीवीर फर्नांडो टोरेस हा इंग्लिश फुटबॉलमधला सर्वांत फसलेला सौदा. पैशासाठी त्यानं लिव्हरपूल सोडलं, चेल्सीची निळी जर्सी चढवताच गोल करणं विसरला, बार्सिलोनाविरुद्धचा एक गोल सोडला तर साडेतीन वर्षांत दाखवण्यासारखं काही नाही, आणि त्यानंतर तर तो संपलाच. चार वाक्यं, आणि चारही एक तर अर्धवट किंवा चुकीची. ती वाचून दरवेळी राग येतो, कारण एका फार मोठ्या खेळाडूची आठवण अशी चार वाक्यांत उरकली जाते.

आधी पैशाचं बघू. ३१ जानेवारी २०११ रोजी चेल्सीनं त्याच्यासाठी ५ कोटी पौंड मोजले, तेव्हाचा तो ब्रिटिश विक्रम होता. पण ही रक्कम लिव्हरपूलच्या तिजोरीत गेली आणि त्याच दिवशी त्यांनी सुआरेझ आणि अँडी कॅरोल यांना आणलं. टोरेसनं क्लब सोडण्याची मागणी केली, हे खरं आहे. का केली असेल, हे त्या वेळचं लिव्हरपूल आठवलं की कळतं. २००९ मध्ये झाबी अलोन्सो रेआल माद्रिदला गेला, २०१० मध्ये माशेरानो बार्सिलोनाला, आणि टोरेसला इंग्लंडमध्ये आणणारे प्रशिक्षक राफा बेनिटेझही त्याच वर्षी गेले. ऑक्टोबर २०१० मध्ये क्लब कर्जात बुडालेला होता, संघ तळाच्या तिघांत होता, आणि मालक बदलले तेही कोर्टकचेऱ्या होऊन. टोरेसनं लिव्हरपूलसाठी १४२ सामन्यांत ८१ गोल केले, पण एकही करंडक उचलला नाही. सव्विसाव्या वर्षी माणसाला करंडक हवा असेल, तर त्याला लोभी का म्हणायचं?

आता मूळ मुद्दा, ‘निळी जर्सी चढवताच’ हा. टोरेसची घसरण चेल्सीत सुरू झालीच नाही. २००९-१० च्या मोसमात त्यानं लीगच्या २२ सामन्यांत १८ गोल केले, पण त्याच मोसमात, जानेवारीत आणि पुन्हा एप्रिलमध्ये, त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यातून घाईनं सावरून तो दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकात उतरला. स्पेन जिंकलं, पण टोरेसच्या नावावर एकही गोल नाही. अंतिम सामन्यात तो जादा वेळेत बदली म्हणून आला आणि पुन्हा दुखावला. पुढच्या अर्ध्या मोसमात लिव्हरपूलसाठीच लीगमध्ये २३ सामने, ९ गोल. म्हणजे चेल्सीनं घेतला तो २००८ चा टोरेस नव्हताच. पैसे मात्र २००८ च्या टोरेसचे मोजले. हा हिशेब चुकला असेल तर तो विकत घेणाऱ्यांचा.

आणि ‘विसरला’ म्हणजे काय? त्याचे सर्वांत चांगले गोल डोळ्यांपुढे आणा. युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) २००८ ची अंतिम लढत: झावीचा पास, जर्मनीच्या लामला मागे टाकणारी धाव, पुढे आलेल्या गोलरक्षक लेहमानवरून अलगद उचललेला चेंडू. मार्च २००९, मँचेस्टर युनायटेडचं मैदान ओल्ड ट्रॅफर्ड: त्यांचा बचावपटू विडिच चेंडू सोडून देतो की काय अशा विचारात असतानाच टोरेस त्याच्या बाजूनं निसटला, आणि लिव्हरपूल ४-१ नं जिंकलं. या सगळ्यांत बचावफळीच्या मागे मोकळं मैदान आहे आणि तिकडे वेळेवर चेंडू टाकणारा कुणीतरी आहे. लिव्हरपूलमध्ये ते काम जेरार्ड आणि अलोन्सो करत. चेल्सीचा संघ द्रोग्बाभोवती बांधलेला होता. पाठीवर दोन बचावपटू घेऊन चेंडू धरणारा, हवेत झुंजणारा आघाडीवीर तिथे लागत होता. शिवाय स्टॅमफर्ड ब्रिजवर, म्हणजे चेल्सीच्या मैदानावर, येणारे बहुतेक संघ आपल्या पेनल्टी बॉक्सपुढे दाटी करून उभे राहत. धावायला जागाच नाही, आणि गुडघ्यामुळे पहिल्या चार पावलांचा वेगही कमी झालेला. त्यात साडेतीन वर्षांत पाच प्रशिक्षक: आन्चेलोत्ती, व्हियास-बोआस, दि मातेओ, बेनिटेझ, मोरिन्यो. प्रत्येकाचा आराखडा निराळा.

इथे एक गोष्ट मान्य करायलाच हवी. लीगमध्ये ११० सामन्यांत २० गोल ही कामगिरी वाईटच आहे. पहिल्या गोलसाठी एप्रिलपर्यंत थांबावं लागलं. सप्टेंबर २०११ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर गोलरक्षक डे हेयाला चकवून रिकाम्या जाळीबाहेर मारलेला चेंडू आजही बघवत नाही. त्यानंतर ऑक्टोबर ते मार्च असा २४ सामन्यांचा दुष्काळ. टीका झाली ती रास्त होती.

पण ‘एकच गोल’ हे धादांत खोटं आहे. गंमत म्हणजे २०१२ च्या चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा) उपांत्य फेरीत बार्सिलोनाच्या कॅम्प नोउ मैदानावरचा तो गोल झाला नसता, तरी दोन सामन्यांची बेरीज सारखी राहून चेल्सी तेव्हाच्या, बाहेरच्या मैदानावरील गोलला जास्त मोल देणाऱ्या नियमानं पुढे गेली असती, त्यानं फक्त शेवटच्या क्षणांचा जीवघेणा ताण संपवला. खरं मोल त्याच्या म्युनिकमधल्या कामाचं. १९ मे २०१२, त्याच स्पर्धेचा बायर्नविरुद्धचा अंतिम सामना, चेल्सी ०-१ मागे. ८४ व्या मिनिटाला टोरेस मैदानात आला, उजवीकडे धाव घेऊन त्यानं कॉर्नर मिळवला आणि सहकारी हुआन माताच्या त्या कॉर्नरवर द्रोग्बानं बरोबरीचा हेडर मारला. तो कॉर्नर नसता तर चेल्सीनं जिंकलेल्या पुढच्या पेनल्टी शूटआउटपर्यंत गोष्ट गेलीच नसती. त्याच उन्हाळ्यात त्यानं युरोचा गोल्डन बूट, म्हणजे सर्वाधिक गोलचा मान, घेतला. अंतिम सामन्यात पंधरा मिनिटं खेळून एक गोल केला आणि एक हुआन माताला करून दिला. विसरलेला माणूस हे करत नाही.

२०१२-१३ हा मोसम तर लोक सोयीनं वगळतात. ६४ सामने, २२ गोल, आणि हे गोल सात वेगवेगळ्या स्पर्धांत. नाक मोडल्यावर मुखवटा लावून तो खेळत राहिला. ॲमस्टरडॅमला बेनफिकाविरुद्ध युरोपा लीगच्या (युरोपातली दुसऱ्या क्रमांकाची क्लब स्पर्धा) अंतिम सामन्यात पहिला गोल त्याचा. चेल्सीसाठी एकूण १७२ सामन्यांत ४५ गोल झाले. किमतीच्या मानानं कमी आहेत, पण शून्य नाहीत.

उरलं शेवटचं वाक्य, ‘त्यानंतर संपला’. चेल्सीनंतर इटलीतल्या मिलान क्लबकडून लीगचा एकच गोल झाला, हे खरं. पण जानेवारी २०१५ मध्ये तो माद्रिदच्या ॲटलेटिकोला, आपल्या घरच्या क्लबला परतला. २०१५-१६ मध्ये त्यानं लीगमध्ये ११ गोल केले आणि फेब्रुवारीत आयबारविरुद्ध क्लबसाठीचा शंभरावा गोल नोंदवला. त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदच्या पेपेनं त्याला पाडलं म्हणून ॲटलेटिकोला पेनल्टी मिळाली, जी ग्रीझमननं बारवर मारली. २०१८ मध्ये युरोपा लीग जिंकून, मे महिन्यात आयबारविरुद्धच निरोपाच्या सामन्यात त्यानं ॲटलेटिकोचे दोन्ही गोल केले. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता.